एकादशी पाळणारा हॅकर

कंप्युटर सुरक्षित कसा ठेवावा हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं खुशाल माझ्याकडे यावं! मी विजयेंद्र. गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात कंप्युटर शिकवतो. गावाचं नाव कलबुर्गी झालंय हे मला माहीत आहे. पण अर्जावर कलबुर्गी लिहायचं आणि तोंडानं गुलबर्गा म्हणायचं, अशी आमच्या घरात वाटणी झालेली आहे. आमच्या स्टाफरूममधल्या मंडळींचे कंप्युटर बारा महिने आजारी. पेनड्राइव्ह लावला की व्हायरस, कुणाच्या मुंजीचे फोटो उघडले की व्हायरस! माझा कंप्युटर मात्र लिनक्सवर चालतो. काळा पडदा आणि त्यावर झरझर सरकणारी पांढरी अक्षरं. पाहणाऱ्याला वाटतं, हा माणूस उपग्रह सोडायला बसलाय! मी पोरांची हजेरी भरत असतो, पण ते सांगायची गरज काय?

पासवर्डच्या बाबतीत तर मी भलताच कडक. बायकोचं नाव, पोराचा वाढदिवस असला पोरकटपणा माझ्याकडे नाही. लिहून तर मी कुठेच ठेवत नाही. आमचे अप्पा, म्हणजे वडील रामाचार्य, संस्कृतचे निवृत्त शिक्षक. जे डोक्यात ठेवायचं ते खणखणीत म्हणायचं, ही त्यांनी लहानपणी लावलेली शिस्त. त्यामुळे रोज सकाळी कंप्युटरपुढे बसलो की मी पासवर्डचं एकेक अक्षर स्वच्छ उच्चारत टाइप करतो. आजवर एकदाही चुकलेलो नाही.

घरातल्या बाकीच्यांनाही मी तयार केलं होतं. आई, म्हणजे मालतीबाई, हिला कॅमेऱ्याचे धोके तासभर समजावले होते. बायकोला, विभाला, कंप्युटरला हात न लावता पुसायला शिकवलं होतं. कॉलेजातून घरच्या कंप्युटरमध्ये शिरता यावं म्हणून इंटरनेटवरून आत यायची एक वाट मी स्वतःसाठी उघडी ठेवली होती, पण तिला पासवर्डचं कुलूप होतं. मुंगीसुद्धा आत शिरली नसती.

एका दुपारी कॉलेजातून आलो तर इंटरनेट जागचं हलेना. चौकशी केली, तर महिन्याचा सगळा डेटा पंधरवड्यातच संपलेला!

"विभा, एवढा डेटा गेला कुठं?"

"तुमच्या क्रिकेटात गेला असंल," मान वर न करता ती म्हणाली.

क्रिकेटात! मी लिनक्सवाला माणूस, अंदाजावर चालत नाही. बसलो तपासाला. बाकीचे लोक कंप्युटरात आत काय येतंय ते बघतात, मी बाहेर काय चाललंय ते बघितलं. रोज सकाळी मी कॉलेजला गेलो रे गेलो की माझ्या घरातून भाराभर माल बाहेर चालला होता! मग आत येणाऱ्यांची नोंद काढली. कुणीतरी रोज सिंगापूरहून माझ्या कंप्युटरमध्ये शिरत होतं. तेही माझ्याच नावानं, माझाच पासवर्ड घालून!

आता हे ऐका आणि माझी काय अवस्था झाली असेल ते समजून घ्या. त्या कंप्युटरमध्ये सेमिस्टर परीक्षेची प्रश्नपत्रिका होती. मीच काढलेली. ती फुटली तर परीक्षा रद्द, माझी चौकशी आणि नोकरी खलास!

मी तिथल्या तिथे जादा डेटा भरला आणि पासवर्ड बदलला. दुसऱ्या सकाळी नवा पासवर्ड घालून, खात्री करून, निश्चिंत मनानं कॉलेजला गेलो. तिसऱ्या दिवशी हॅकर नवा पासवर्ड घालून हजर! पुन्हा बदलला. या खेपेला असा अवघड, की म्हणताना जिभेला व्यायाम व्हावा. तोही त्याला मिळाला! अख्खा कंप्युटर विंचरून काढला, कुठे काही लपवून ठेवलेलं सापडलं नाही. म्हणजे समोरचा असामान्य होता. मला जरा अभिमानही वाटला. साध्या चोरानं माझ्या वाटेला जाऊ नये हे बरोबरच होतं.

योगायोग बघा, माझी धाकटी बहीण भार्गवी नोकरीसाठी सिंगापुरातच गेलेली. तीही कंप्युटरवालीच, घरी बसूनच काम करते, पण अजून लहान आहे. तरी म्हटलं, तिचा काही उपयोग होतो का पाहावं. फोन लावला.

"भार्गवी, तुझ्या गावातून माझ्यावर हल्ला व्हायलाय!"

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला.

"कसला हल्ला, दादा?"

"आंतरराष्ट्रीय! पत्ता देतो, कुठल्या भागातला हाय बघ. जमलं तर पोलिसात जाऊन ये."

"दादा, सिंगापूर लई मोठं हाय रे. तू जेवलास का?"

"जेवण कसलं घेऊन बसलीस! वांग्याची हुळी खाल्ली. तू विषय बदलू नकोस!"

"चिंच जरा जास्त पडली असंल बघ आज."

हुळी म्हणजे आमची आंबट आमटी, आणि तीत चिंच जास्त पडली होती खरी. पण त्या घडीला मला चिंचेपेक्षा सिंगापूर महत्त्वाचं होतं, म्हणून मी फोन ठेवला.

पुढचा धागा अप्पांनी दिला. हल्ल्याच्या वेळा पडद्यावर मांडून मी डोकं धरून बसलो होतो. अप्पा मागे येऊन उभे राहिले.

"हा दिवस मोकळा कामून रे?"

"त्या दिवशी हल्ला झाला न्हाई, अप्पा. रविवारी पण होत न्हाई. मी घरी असतो ना, घाबरतो मला."

"रविवारचं सोड. हा मोकळा दिवस बघ. एकादशी हाय! आणि हा पण एकादशी. आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच कसा आलाय?"

"ते मला पण कळंना."

"न कळायला काय झालं? द्वादशी! पारणं पहाटे करायचं असतं." अप्पांनी चष्मा काढला. आवाजात एकदम आदर आला. "विजयेंद्रा, माणूस चोर असंल, पण आचारवंत हाय."

"अप्पा!"

"कडकडीत एकादशी पाळायलाय बिचारा. तू मागच्या एकादशीला उपमा खाल्लास."

अप्पांनी तपासातून अंग काढून घेतलं. असल्या माणसाला पकडून दिलं तर दोष लागतो म्हणाले! माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. एकादशी करणारा, प्रश्नपत्रिका हवी असणारा, आणि मी रविवारी घरी असतो हे जाणणारा माणूस कोण? आमच्याच कॉलेजातले श्रीहरीसर! त्यांचा पुतण्या माझ्याच वर्गात. आणि प्रत्येक एकादशीला सुकलेलं तोंड करून, स्टाफरूममध्ये दुसऱ्यांच्या डब्यांकडे दयेनं बघत, उपवासाचं महत्त्व सांगणारे गुलबर्ग्यात तेच. सिंगापूरचा पत्ता त्यांनी बनवून घेतला असणार. असली बनवाबनवी चालते, मीच शिकवतो पोरांना.

दुसऱ्या दिवशी भर स्टाफरूममध्ये, प्रिन्सिपॉल अंकुशरावांच्या समोर, मी श्रीहरीसरांना गाठलं.

"सर, मागच्या एकादशीला सकाळी तुम्ही काय करत होता?"

"उपवास."

"म्हणजे तुम्ही त्या दिवशी माझ्या कंप्युटरमध्ये शिरला नाहीत?"

"नाही."

"बघा साहेब! कबूल झाले!"

"अहो, शिरलो नाही म्हणतोय मी!"

"तेच तर! त्या दिवशी हॅकर पण शिरला नाही!"

एवढा बिनतोड पुरावा मी आयुष्यात कधी मांडला नव्हता. श्रीहरीसर खुर्चीतून अर्धे उठून पुन्हा बसले. प्रश्नपत्रिकेचा मामला ऐकून सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर खिळल्या. शेवटी ते बारीक आवाजात म्हणाले, "साहेब, तुम्हीच सांगा आता."

अंकुशराव खाकरले. "एकादशीला सकाळी श्रीहरीसर माझ्याबरोबर स्टेशनजवळच्या हॉटेलात होते."

"मग काय झालं? उपवासाला कॉफी चालते!" कुणीतरी बाजू घेतली.

"कांदाभजी खात होते," अंकुशराव म्हणाले. "दर एकादशीला असतात. म्हणून तर मी जातो, एकट्याला खाऊशी वाटत नाही."

कांदा! ज्या घरात कांद्याचं नाव घेतलं तर चूळ भरतात, त्या घरातला माणूस! स्टाफरूम हसून हसून लोळायची बाकी राहिली. श्रीहरीसर निर्दोष सुटले, पण सुटताना त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते बरं नव्हतं.

अंकुशराव मात्र हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघा, परवा द्वादशी आहे. तुमचा तो हॅकर पहाटे येतो ना? धरा त्याला! नाहीतर प्रश्नपत्रिका फुटली असं युनिव्हर्सिटीला कळवतो, खाली तुमचं नाव घालून. महिनाअखेरचं तुमचं सायबर सुरक्षेचं व्याख्यान पण रद्द!"

द्वादशीच्या पहाटे मी अंथरुणात उशी झोपवली आणि मधल्या खोलीत दाराआड दबा धरून बसलो. कंप्युटर तिथेच असतो, स्वयंपाकघराच्या दारासमोर. पलीकडे आई मडीत, म्हणजे सोवळ्यात, स्वयंपाकाला लागली होती. आमच्याकडे मडी म्हणजे साधं प्रकरण नाही. अंघोळ करून आई एकदा चुलीपाशी गेली की तिला कुणी शिवायचं नाही आणि तिनं कशाला शिवायचं नाही. फोनला नाही, लाइटच्या बटणाला नाही, पारोशा पोराला तर मुळीच नाही.

एकाएकी कंप्युटरवरच्या कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला. आला! मी दाराआडून मान काढली. आता नुसती मुख्य वायर ओढायची की...

"आलीस?" स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "हे बघ, अगस्तीचा पाला असा बारीक चिरायचा."

 माझी जन्मदाती आई हॅकरला सामील!

"पकडलं!" असं ओरडत मी दाराआडून जी उडी मारली ती थेट स्वयंपाकघरात. आई नेमकी हुळीचं भांडं घेऊन वळत होती. आमची टक्कर झाली. भांडं खाली, हुळी माझ्या अंगावर आणि आईचा आवाज अख्ख्या गल्लीत!

"शिवलास! मडी घालवलास की रे, मूर्खा!"

"आई? काय झालं? मला काय दिसंना!" कंप्युटर ओरडला.

"भार्गवी?"

"दादा?"

या आनंदाच्या भेटीला वेळ नव्हता. गॅसवर एका बाजूला नैवेद्याचा भात आणि दुसऱ्या बाजूला फोडणीचं तेल, ते आता धूर सोडायला लागलं होतं. मी बटणाकडे झेप घेतली.

"शिवू नकोस! देवाचा भात हाय!"

"मग तू बंद कर!"

"माझी मडी गेली! तूच घालवलास!"

आरडाओरडा ऐकून विभा धावत आली आणि उंबऱ्यावर थबकली. "माझी अजून अंघोळ न्हाई!"

आम्ही तिघंजण त्या बटणापासून हातभर अंतरावर उभे होतो आणि तिघांपैकी कुणालाही ते फिरवायचा अधिकार नव्हता. घर पेटलं असतं तरी चाललं असतं, भात विटाळून चालला नसता!

तेवढ्यात देवघरातून अप्पा आले. धुतलेलं धोतर, अंगावर गोपीचंदनाच्या मुद्रा, आणि आदल्या दिवसापासून पोटात पाण्याचा थेंब नाही. अख्ख्या घरात मडीतला उरलेला एकच माणूस! फक्त अप्पांनी जन्मात कधी गॅसला हात लावलेला नव्हता.

"वहिनी, दारातून जरा बाजूला हो. अप्पा, पुढं या," कंप्युटरमधून भार्गवी म्हणाली. "ते काळं बटण उजवीकडं फिरवा. उजवीकडं अप्पा, डावीकडं न्हाई!"

"कोण बोलायलंय?"

"मी भार्गवी. आधी बटण!"

अप्पांनी बटण फिरवलं. ज्योत विझली. अप्पांनी आपल्या बोटांकडे असं पाहिलं, जणू त्यांनी सूर्य बंद केला!

पण पारण्याची वेळ टळत चालली होती. आई पुन्हा अंघोळीला पळाली. नैवेद्य झाल्याशिवाय अप्पांना तोंडात काही घालता येत नव्हतं, आणि हुळी तर माझ्या बनियनवर होती. तेव्हा भार्गवीनं सिंगापुरातून स्वयंपाकाचा ताबा घेतला.

"अप्पा, भात व्हायला आलाय, त्याला हलवू नका. आता पाल्यासाठी ती छोटी कढई घ्या. मोहरी पुढच्या डब्यात हाय. तो न्हाई, त्यात मेथी हाय!"

"तुला तिथून डब्यातलं कसं कळायलंय?"

"रोज बघती की मी, अप्पा. दादा कॉलेजला गेला आणि तुम्ही पूजेला बसलात की मी इथंच असती. आई सैपाक करती, मी तिकडं तिचं बघून करती."

अप्पा कढई धरून कॅमेऱ्याकडे बघत उभे राहिले. भार्गवी तिकडे नोकरीला जाते म्हणाली तेव्हापासून ते तिच्याशी फोनवर 'बरी हायस ना' याच्या पुढे कधी बोलले नव्हते. परदेशात कुठला आचार आणि कुठला विचार, असं त्यांचं म्हणणं.

"मग एकादशीला कामून येत न्हाईस?" त्यांनी विचारलं.

"एकादशीला चूल कुठं पेटती आपल्याकडं? मी पण काल निर्जळी केले, अप्पा. तुमच्याबरोबरच सोडणार हाय."

अप्पांनी हळूच डोळे पुसले आणि हिंग फार उग्र आहे म्हणाले. हिंगाची डबी अजून उघडलेलीच नव्हती. मीही बनियनवरची हुळी पुसायचं निमित्त करून मान खाली घातली. 

"विजयेंद्रा," अप्पा माझ्याकडे वळून ठसक्यात म्हणाले, "म्हणलं नव्हतं तुला, आचारवंत हाय म्हणून!"

पारणं वेळेत झालं. पाला जरा करपला होता, पण अप्पांनी तो दोनदा मागून घेतला. मग मी पाटावर बसून चौकशी सुरू केली.

"मला कामून सांगितलं न्हाई?"

"विचारलं होतं की तुला," आई म्हणाली. "पोरगी तिकडं एकटी, पहिले महिने धड जेवायची पण न्हाई. मडीत मला फोनला शिवता येत न्हाई. म्हणलं, विजू, कंप्युटरचा कॅमेरा जरा सैपाकघराकडं वळवून दे. तू तासभर भाषण दिलास, आणि दिला न्हाईस वळवून. मग विभानं वळवला."

विभा ताटातल्या भाताकडे बघत बसली. मला खरंच फार लाज वाटली. पण तपास अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही.

"आणि माझ्या प्रश्नपत्रिकेचं काय?"

"हात पण लावला न्हाई, दादा," कंप्युटर म्हणाला. "आईची शपथ."

"पण मग पासवर्ड? दोनदा बदलला मी! तो कुणी फोडला?"

आईनं हात धुतले, पदर सावरला आणि स्तोत्र म्हणावं तशा चालीत सुरू केलं, "कॅपिटल के, शून्य, अ‍ॅट, नऊ, स्मॉल एक्स, हॅश..." एकही अक्षर इकडचं तिकडं नाही!

"रोज सकाळी तूच म्हणतोस की," ती म्हणाली. "एकदा ऐकलं की मला पाठ होतं. बदललास की दुपारी मी पोरीला फोनवर सांगते."

"उच्चार स्वच्छ हायत त्याचे," अप्पा समाधानानं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी अंकुशरावांना कळवलं, की हल्लेखोर पहाटे रंगेहाथ सापडला, प्रश्नपत्रिका सुखरूप आहे, आणि तपासाच्या दृष्टीनं नाव गुप्त ठेवावं लागतंय. ते इतके खूश झाले, की माझ्या व्याख्यानाला आसपासच्या सगळ्या कॉलेजांना बोलावलं आणि वर शाल-श्रीफळ ठेवलं. भार्गवीला मी तिची स्वतंत्र वाट करून दिली, कॅमेरा नीट चुलीकडे वळवला, आणि माझा पासवर्ड पुन्हा बदलला. या वेळी ओठ मिटून टाइप करायचा सराव केला. अवघड गेलं, पण जमलं! आईला तर कशाचा पत्ताच लागला नाही.

व्याख्यानाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. गळ्यात शाल, समोर माइक आणि मागे भला मोठा पडदा. सिंगापूरचा हल्ला आपण कसा परतवला हे सांगून झाल्यावर मी म्हणालो, "आता मी तुमच्यासमोर माझ्या घरच्या अभेद्य कंप्युटरमध्ये शिरून दाखवतो!" टाळ्या पडल्या. मी बोटं पुढे केली, ओठ मिटले, आणि सहज समोर नजर गेली. पहिल्या रांगेत अप्पा बसले होते. पाठांतर घेताना बसायचे तसे, ताठ, एक हात मांडीवर, डोळे मिटलेले आणि कान माझ्याकडे.

मला काय झालं ते सांगता येत नाही. लहानपणची सवय! मी माइकमध्ये खणखणीत आवाजात पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळा पासवर्ड म्हणून टाकला. एकही चूक नाही. अप्पांनी मान डोलावली.

 मग दुसऱ्या रांगेतून श्रीहरीसर सावकाश उठले. त्यांच्या हातात पेन होतं.

"सर, सगळं छान ऐकू आलं," ते गोड आवाजात म्हणाले. "फक्त शेवटचा वाय मोठा का लहान?"

"मोठा," मी म्हणालो.